वाटा माणशी, एकरी की जिल्हावार? नागपूर करारापासून पेंचच्या पाटचारीपर्यंत

महालची_गल्ली

दरवर्षी २८ सप्टेंबर आला की नागपुरात कराराची आठवण निघते. विदर्भवादी मंडळी कराराच्या प्रतींची होळी करतात, पेपरात अनुशेषावर लेख येतात आणि आठ दिवसांत सगळं थंड होतं. तरुणपणी मी दोनदा त्या होळीला उभा होतो. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात पारशिवनी तालुक्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. कुठले म्हणून त्यांनी विचारलं, मी नागपूरचा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मंग आमचंच पाणी पिऊन राहिले तुमी." रागाने नाही. वाढप्याकडून वरण घेता घेता, अगदी सहज. मी काहीच बोललो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी आपली मागणी काय होती ते नीट आठवू. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती, मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतर मध्य प्रदेशाची. फाजल अली आयोगाने १९५५ साली विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. राजधानीपण सोडून मराठी राज्यात यायचं तर काही हमी हवी, म्हणून १९५३ चा करार. त्यात लिहिलेलं साधं होतं: विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, शास्त्र आणि धंदेशिक्षणातल्या जागाही त्याच प्रमाणात, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरात, आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी इथे. म्हणजे माप ठरलं होतं. माणशी वाटा.

पुढे १९५६ मध्ये घटनेत कलम ३७१(२) आलं, राज्यपालांवर निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी टाकण्याची सोय झाली. त्यातली विकास मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. अडतीस वर्षं! एवढ्यात एक पिढी नोकरीला लागून निवृत्त होते. आणि त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मुंबईकडे मागताना आपण म्हणतो, माणशी मोजा. मग ज्या पेंच नदीच्या धरणाचं पाणी नागपूर पितं, ते वाटताना आपण, नागपूर शहर, कुठलं माप लावतो? पारशिवनीच्या त्या म्हाताऱ्यांना आपण काय उत्तर देणार?

आकडेमोड

चांगला विषय. फक्त एक दुरुस्ती, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. अनुशेष हा शब्द आपण वापरतो तो माणशी वाट्यातून आलेला नाही. वि. म. दांडेकर समितीने (नेमणूक १९८३, अहवाल १९८४) तो जिल्हावार मोजला. रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पशुवैद्यक अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्याचं काही काढून घ्यायचं नाही.

या पद्धतीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी निघाला. त्यात विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी.

शेवटचा आकडा परत वाचा. ज्याला आपण सरसकट 'त्यांनी सगळं नेलं' म्हणतो त्या उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा मोठा आणि विदर्भाच्या जवळपास बरोबरीचा. एकक जिल्हा धरला की कोकणातले आणि खानदेशातले मागास जिल्हे दिसू लागतात, ते प्रदेशाच्या सरासरीत बुडत नाहीत. एकक बदललं की गरीब कोण ते बदलतं. दांडेकरांच्या अहवालातून मी सगळ्यात जास्त काही शिकलो असेन तर ते हेच.

विदर्भात सगळ्यात मोठं खिंडार सिंचनाचं, ते तेव्हाही होतं आणि नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीतही तेच दिसलं.

सीताबर्डी_मेनरोड

अधिवेशनाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. विदर्भातल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं घेऊन मुंबईला जावं लागू नये, हा त्या कलमाचा अर्थ. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाज असाच गाऱ्हाणं घेऊन अधिवेशनावर आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात एवढीच मागणी. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बायका आणि लेकरं जास्त. उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे, रोज हजारो गाड्या वरून जातात.

त्यांचं भांडणही वाटपाचंच होतं, आणि तेही एका नोंदीवर अडलेलं. यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलं आहे. ही एक जमात की दोन? २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मध्ये ज्या पोरांनी त्या निकालावर फॉर्म भरले त्यांतला एक माझ्या ओळखीचा आहे. 'आकडेमोड' म्हणतात ते एकक इथे दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेत आहे.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातली, लग्नानंतर सात वर्षं नागपुरात, मनीषनगरला. इथे आल्यावर 'तुम्ही पश्चिम महाराष्ट्रवाले' हे इतक्यांदा ऐकलं की आता वाईटही वाटत नाही. पण माझं माहेर आटपाडी तालुक्यात आहे. लहानपणी आम्ही टँकरच्या मागे घागरी घेऊन पळायचो. कृष्णेच्या काठावर ऊस डुलायचा आणि आमच्याकडे जनावरं छावणीला जायची, अंतर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर. आमच्याकडे १९९३ पासून दरवर्षी पाणी परिषद भरते, नागनाथअण्णा नायकवडींनी सुरू केलेली. तिथे मागणी 'सांगलीला पाणी द्या' अशी नसायची. समन्यायी वाटप हा शब्द मी तिथेच, वडिलांच्या मांडीवर बसून ऐकला.

काकांनी विचारलं आहे की कुठलं माप. आपल्याच राज्यात लोकांनी मापं करून पाहिली आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा: पाणी माणसाला, जमिनीला नाही. घरात जितकी माणसं तितके अर्धा-अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. सांगलीतच येरळेवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणातही भूमिहीनांचा वाटा धरला.

एकरी वाटप केलं की वीस एकरवाल्याला वीस वाटे आणि मजुराला शून्य. हे कुणाला अन्यायाचं वाटत नाही, कारण कालव्याचं पाणी शेताला जातं ही आपली सवय झालेली असते. सवय मोडून माणूस मोजायला लागलं की भांडण सुरू होतं, पण ते भांडण करण्यासारखं आहे.

झाडीपट्टी

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. आमच्या पूर्व विदर्भातही वाटपाची एक जुनी पद्धत होती, ती नागपूरच्या माणसांनाही फारशी माहीत नसते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, बरेचसे तीनशे वर्षांच्या घरातले. आमच्या गावाला एक मोठा तलाव आणि त्याच्या खाली दोन बोड्या, म्हणजे लहान तळी. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत. माझे आजोबा पाणकर होते. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा. कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा, तुडुम म्हणजे तलावाची मोरी तोच उघडायचा. त्याला मोबदला गावाकडून धानाच्या रूपात, पाणी मिळालेल्या प्रत्येकाकडून. ज्याचं धान वाळलं त्याच्याकडून काय मागणार? म्हणून शेवटच्या बांधीपर्यंत पाणी नेणं हा त्याच्याही पोटाचा प्रश्न होता. तलावातली मासोळी ढिवरांची. पाळीवरची झाडं, गाळाची माती, जनावरांचं पाणी, सगळ्यांचे ठरलेले हक्क. निस्तार म्हणायचे त्याला.

हे सगळं फार सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. मालगुजार हा मालगुजार होता, आणि तलावाच्या कोणत्या घाटावर कोणी जायचं हे जातीवर ठरायचं. माझ्या आजीने ते भोगलं आहे. पण १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारात जमा झाले, तेव्हा जुलमासोबत पाणकरही गेला. पाण्यावर कर बसला, लोक म्हणाले आमच्या बापजाद्यांच्या तलावाला कर कशाला, आणि गाळ काढायला कुणीच येईना. लहान तलाव आता जिल्हा परिषदेकडे आहेत. आमच्या तलावात बेशरमाची झुडपं आणि गाळ. पाणी तेवढंच पडतं, साठतं निम्मं.

मग या भागाला सिंचनाचा अनुशेष म्हणून पैसा मंजूर होतो, आणि तो मोठ्या धरणात जातो.

आकडेमोड

@झाडीपट्टी, तुमच्या शेवटच्या ओळीला धरून. अनुशेष दोन प्रकारचा असतो, आर्थिक आणि भौतिक. पैसा दिला की आर्थिक अनुशेष कागदावर भरून निघतो. वावरात पाणी पोचलं तरच भौतिक भरतो. दोन्हींमधली दरी पाहायची असेल तर गोसीखुर्द पाहा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ किंमत ३७२ कोटी, सिंचनक्षमता २ लाख ५० हजार ८०० हेक्टर. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प. पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. धरणात पाणी साठायला लागलं, गावं उठली, आणि कालवे वर्षानुवर्षं अर्धवट. विदर्भाच्या नावावर खर्च मात्र पडला. उद्या कुणी म्हणालं 'तुम्हाला तर दिलं होतं', तर वहीत ते खरंच असेल.

केळकर समितीने (अहवाल २०१३, विधिमंडळात मांडला डिसेंबर २०१४, आपल्याच नागपूरच्या अधिवेशनात) आदिवासी भाग आणि पाणीटंचाईचे तालुके वेगळे काढून पाहायला हवेत असं मांडलं होतं. जिल्ह्याच्या सरासरीत तालुका बुडतो, हे त्यांनाही दिसलं.

अजनी_लाइन

मी आमच्या वस्तीत रेशनच्या अर्जांची मदत करते, बारा वर्षं झाली. पाण्याचं मला फार कळत नाही, पण माणशी की घरटी हा प्रश्न मी दर महिन्याला अंगठा लावायच्या मशीनपुढे पाहते.

प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. अंत्योदयला घरटी ३५ किलो. अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरिबातला गरीब. आता आमच्या गल्लीतली दोन घरं सांगते. एका घरी म्हातारी एकटी, अंत्योदय, ३५ किलो. तिला ते संपत नाही, ती शेजारच्या पोरांना भात करून घालते. दुसऱ्या घरी नऊ माणसं, तेही अंत्योदय, त्यांनाही ३५. ते जर प्राधान्य गटात असते तर ४५ मिळाले असते. सगळ्यात गरीब म्हणून वर नेलं आणि दहा किलो कमी झाले! त्या बाईला मी हे समजावून सांगू शकले नाही. तिने मला विचारलं, "ताई, मंग आमी कमी गरीब होऊन जाऊ का?"

दुसरं. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्येच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना दोन-तीन रुपये किलोने धान्य सुरू झालं. औरंगाबाद आणि अमरावती विभागाचे सगळे जिल्हे आणि नागपूर विभागातला फक्त वर्धा. आता त्याच्या जागी खात्यात रोख येते. माझं माहेर हिंगणा तालुक्यात, मावशी पलीकडे सेलू तालुक्यात, वर्धा जिल्हा. जमीन सारखी, कापूस-तूर सारखी, पाऊस तोच. मावशीला मिळालं, माझ्या भावाला नाही. त्यांच्यामध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. जिल्हा हे एकक असलं की काय होतं, ते आमच्या घरातच आहे.

वर्धारोड

वरचं वाचून थांबलो जरा. +१ लिहायचा होता पण पुरेसा वाटत नाही.

पारशिवनीकर

तो म्हातारा शेतकरी माझ्या ओळखीचा नसेल, पण आमच्याकडचा कोणीही तेच बोलला असता, म्हणून लिहून राहिलो.

पेंच आधी दोन राज्यांत वाटलं जातं. वर मध्य प्रदेश. तोतलाडोहची वीज १६० मेगावॅट, दोन वाटे त्यांचे, एक आपला. त्यांचं चौराईचं धरण झाल्यापासून वरून येणारा ओघ कमी झाला. मग खाली नवेगाव खैरी, तिथून शहर, औष्णिक वीज आणि शेवटी आम्ही. पारशिवनी, रामटेक, मौदा, कामठी. धरण बांधलं तेव्हा सिंचनाचं म्हणून बांधलं होतं, आमच्या बापाने जमीन कालव्याला दिली ती त्या भरवशावर.

२०१९ मध्ये तोतलाडोहचा तळ दिसला. नागपुरात जुलैमध्ये आठवड्यातून तीन दिवस नळ बंद ठेवले, सगळ्या पेपरात पहिल्या पानावर. आमच्याकडे त्या साली पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यातच पिवळे पडले, रोवणी उशिरा आणि अर्धीच झाली. ते आतल्या पानावरसुद्धा नव्हतं. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. प्यायचं पाणी पहिलं, हे आम्हीही मानतो. तान्हेल्याच्या तोंडचं पाणी आम्हाला धानाला नको.

पण मोजा तर नीट मोजा. शहरातल्या माणसाला सरकारी मापाने दिवसाला १३५ लिटर. जलजीवनमध्ये गावातल्या माणसाला ५५. धरणापासून शहराकडे जाणारी मोठी नळवाहिनी ज्या गावांच्या धुऱ्यावरून जाते, त्या गावांचं माप ५५. माणशीच वाटा म्हणता ना, मग माणूस एकच पाहिजे.

कोराडी_रस्ता

पारशिवनीकर भाऊ, तुमचा शब्द न् शब्द बरोबर. फक्त यात एक वाट निघालेली आहे ती नोंदवतो, कारण तिच्यात वाटा कोणाचाच कमी झाला नाही. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून रोज १३० दशलक्ष लिटर, म्हणजे १३ कोटी लिटर, कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचं काम दहा वर्षांपूर्वी सुरू झालं. नंतर त्यात भरही पडली. वीज केंद्राला थंड करायला पेंचचं गोडं पाणी कशाला हवं? शहराने एकदा वापरलेलं पाणी तिकडे गेलं, तेवढं पेंचचं सुटलं.

प्रश्न असा की सुटलेलं पाणी गेलं कुठे. पाटचारीत गेलं की शहराच्या वाढत्या लेआउटात? २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, लोकांनी ओरड केली तेव्हा २०११ मध्ये शेती दुसरी आली. क्रम कागदावर बदलला. सुटलेल्या प्रत्येक लिटरचा हिशेब शेतीच्या खात्यात दाखवला जातो का, हे नागपूरकरांनी विचारलं पाहिजे. शेतकऱ्याने विचारलं तर ते गाऱ्हाणं होतं, शहराने विचारलं तर त्याला वजन येतं. असं असू नये, पण आहे.

महालची_गल्ली

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. 'कृष्णाकाठ' यांची मनापासून माफी मागतो. 'तुम्ही पश्चिम महाराष्ट्रवाले' असं मीही म्हटलेलं आहे, तुम्हाला नाही, पण तुमच्यासारख्या कुणाला तरी.

कराराची मागणी मी सोडणार नाही. मुंबईकडून विदर्भाला जे यायचं ते आलंच पाहिजे, आणि विकास मंडळं परत चालू करण्याचा २०२२ चा मंत्रिमंडळाचा निर्णय कागदावरून उतरला पाहिजे. पण त्या मागणीत नागपूर शहर हे विदर्भाच्या नावाने उभं राहतं. मुंबईने विदर्भाला जे केलं म्हणून आपण होळी पेटवली, तेच आपण पारशिवनीला करत असू तर मला पुढच्या २८ सप्टेंबरला तिथे उभं राहता येणार नाही.

एक विचारायचं होतं. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून पाण्याचं आरक्षण ठरतं, आणि कालवा सल्लागार समितीची बैठक त्यानंतर होते. तिथे शहरातून सामान्य नागरिक म्हणून कुणी जातं का? मी आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातले चौघे यायला तयार आहोत. बोलायला मिळालं नाही तर मागे बसू.

पारशिवनीकर

काका, बैठकीत बसायला मिळेल की नाही ते विचारून सांगतो. त्याच्या आधी एकदा गावाकडे या. २००५ च्या कायद्याने आमच्या पाणी वापर संस्था झाल्या, त्यात नियम आहे की पाणी आधी शेपटाला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, द्यायचं आणि मग माथ्याकडे यायचं. माझं वावर शेपटाला आहे. आवर्तन सुटलं की मी फोन करतो. पहिलं पाणी कोणाच्या वावरात शिरते, ते तुमी सोताच पाहा.

झाडीपट्टी

मीही येतो. आजोबांची पाणकरकीची वही घरी आहे अजून, मोडी मिसळलेलं अक्षर आहे. कुणाला वाचता येत असेल तर सोबत आणतो.

महालची_गल्ली

मला येते मोडी. आणा.